येरवड्याहून घरापर्यंतची वाट

येरवडा तुरुंग म्हटलं की पुणेकराला टिळक आठवतात, गांधीजी आठवतात, आंब्याच्या झाडाखालच्या वाटाघाटी आणि १९३२ चा पुणे करार आठवतो. राजबंदी सुटले की गाव हार घेऊन दारात उभं राहायचं. त्याच दारातून चोरीची, मारामारीची, खुनाची शिक्षा भोगून बाहेर पडलेल्या माणसाचं पुढे काय झालं, हे मात्र आपल्या आठवणीत कुठेच नाही.

हा तुरुंग १८७१ चा. गुन्हेगार जमाती कायदाही त्याच वर्षीचा. कित्येक जमातींवर त्या कायद्याने जन्मतःच शिक्का मारला, पोलीस ठाण्यातली हजेरी सक्तीची केली आणि सोलापूरसारख्या ठिकाणी माणसांना तारेच्या कुंपणात ठेवलं. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो रद्द झाला, पण १९५९ मध्ये मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांसाठी वेगळा कायदा केला आणि संशय तसाच राहिला. चोरी झाली की आधी पारधी वस्तीवर जायचं, ही सवय आजही मोडलेली नाही. सुटलेल्या कैद्याकडे बघण्याची आपली नजर याच मुशीत घडली, असं मला वाटतं.

१८९४ च्या तुरुंग कायद्याचं सगळं लक्ष शिस्तीवर होतं. तुरुंगाने माणूस सुधारावा आणि सुटल्यावर त्याला हात द्यावा, हे सरकारदरबारी ठामपणे मांडलं १९१९-२० च्या कार्ड्यू समितीने. पुढे १९३८ मध्ये मुंबई प्रांताने परिवीक्षेचा, म्हणजे दोषीला तुरुंगात न पाठवता देखरेखीखाली सोडण्याचा, कायदा केला, १९५८ मध्ये केंद्राने केला. या केंद्रीय कायद्याच्या १२ व्या कलमानुसार परिवीक्षेवर सोडलेल्याला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू होत नाही. शिक्षा पूर्ण भोगून आलेल्याला मात्र या कलमाचा आधार नाही. नोकरीसाठी पोलिसांचा चारित्र्य पडताळणी दाखला मागितला, की तो तिथेच अडतो.

या सगळ्यात वेगळी वाट काढली ती औंध संस्थानाने. १९३९ मध्ये राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि पोलंडमध्ये जन्मलेले गांधीवादी अभियंते मॉरिस फ्रीडमन यांनी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं. गंभीर गुन्ह्यांतले कैदी, पण भिंत नाही. कैद्याने शेती करायची आणि बायको-मुलांसह तिथेच राहायचं. शिक्षा संपते त्या दिवशी त्याला घर नव्याने शोधावं लागत नाही, कारण घर त्याच्यापासून तुटलेलंच नसतं. ही वसाहत आज सांगली जिल्ह्यात, राज्याच्या कारागृह विभागाकडे आहे. येरवड्यातही खुलं कारागृह आहे. पण कुटुंबाला सोबत ठेवण्याची स्वतंत्रपूरची गोष्ट आपण इतर तुरुंगांत नेली नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

स्वातंत्र्यानंतर समित्या होत राहिल्या. १९८० ते ८३ च्या मुल्ला समितीने सुटकेनंतरच्या मदतीवर पुन्हा भर दिला. अडचण रचनेत आहे. तुरुंग गृह खात्याकडे, परिवीक्षा अधिकारी महिला व बालविकासकडे. दोन्हींची मुख्यालयं पुण्यातच, तरी दार ओलांडलेला माणूस दोन्ही फायलींच्या मधे पडतो. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या ‘प्रयास’ने १९९० पासून तुरुंगात आणि तुरुंगाबाहेर समाजकार्यकर्ते नेमून ही फट भरण्याचा प्रयत्न केला. त्यावरून दिसलं की या कामाला रोज भेटणारं माणूस लागतं.

सुटकेचा दिवस डोळ्यांसमोर आणा. आत जाताना जमा केलेले कपडे परत मिळतात, ते आता अंगाला होत नाहीत. मोबाइल सापडला तरी सिम केव्हाच बंद पडलेलं. घरचा नंबर पाठ नाही. हातात पिशवी, थोडी मजुरीची रक्कम आणि समोर स्टेशनकडे जाणारी बस. गावी रेशनकार्डावरून नाव कमी झालेलं असतं, बँकेतलं खातं निष्क्रिय असतं, आणि तो कुठे होता हे मुलांना शाळेत सांगता आलेलं नसतं.

म्हणूनच १ मे २०२२ ला येरवड्यात सुरू झालेली ‘जिव्हाळा’ योजना मला मोलाची वाटते. महाराष्ट्र राज्य सहकारी बँक शिक्षा भोगणाऱ्या बंद्याला विनातारण, विनाजामीन ५० हजारांपर्यंत कर्ज देते. व्याज ७ टक्के. हप्ता त्याच्या तुरुंगातल्या मजुरीतून कापला जातो. मुलीची फी भरायची असो की आईचं औषध आणायचं असो, पैसे त्याच्या नावावर घरी पोचतात. आत असूनही तो घरचा कर्ता राहतो. मुलांना जवळ घेऊ देणारी ‘गळाभेट’ आणि संचित व अभिवचन रजा (फर्लो आणि पॅरोल) यांचंही काम तेच: सुटकेआधीच घराचा धागा धरून ठेवणं.

पण हे झालं मुख्यतः शिक्षा झालेल्या, पक्क्या कैद्यांचं. देशातल्या तुरुंगांत चारपैकी साधारण तीन जण कच्चे कैदी आहेत. त्यांना शिक्षाच झालेली नाही, त्यामुळे अशी रजा नाही, मजुरी नाही आणि मजुरीवर मिळणारं कर्जही नाही. २०२३ पासून केंद्राच्या योजनेतून गरीब कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी पैशांची मदत मिळू शकते. तिच्यातून फक्त दार उघडतं. जामिनाचा आदेश येतो त्या संध्याकाळी तो बाहेर पडतो, आणि तो येतोय हे अनेकदा घरी कुणालाच माहीत नसतं.