स्पोर्ट्‌स कारची चाके आणि मडगार्डची पोकळी : स्वच्छता व निगा

वेगवान मोटारीच्या रिम, टायर आणि चाकावरची मडगार्डची आतली पोकळी (व्हील वेल) धुणे, त्यांवरचे चिकट डाग उतरवणे आणि शेवटी संरक्षक लेप देणे, असे या कामाचे स्वरूप आहे. गाडीचे बाकीचे अंग शॅम्पूच्या पाण्याने स्वच्छ होते, पण चाके होत नाहीत. रिमवर बसणारा काळा थर रस्त्याच्या धुळीपेक्षा वेगळा असतो. त्यात बराचसा भाग लोखंडाचा असतो.

ब्रेक दाबला की पॅड बिडाच्या डिस्कवर घासतात आणि दोन्हींची बारीक भुकटी उडते. जोरात चालवलेल्या गाडीची डिस्क काहीशे अंश सेल्सिअसपर्यंत तापते, त्यामुळे हे कण गरम असतानाच रिमच्या पारदर्शक रंगथरावर आदळतात आणि तिथेच रुततात. पुढे दव, पाऊस किंवा धुण्याचे पाणी लागले की ते गंजतात. तपकिरी-नारिंगी ठिपके दिसू लागले, की गंज रंगथराच्या आत शिरू लागला असे समजावे. ब्रेक लावताना वजन पुढे झुकते म्हणून पुढची चाके जास्त काळवंडतात. जर्मनीच्या पोर्शे कंपनीच्या ९११ या स्पोर्ट्‌स कारचे इंजिन मात्र मागे असल्याने तिच्या मागच्या ब्रेकांवरही बराच भार येतो, आणि मागच्या रिमकडे दुर्लक्ष करून चालत नाही.

रुतलेले लोखंड घासून काढू नये. रिमवर चरे पडतात. ते रसायनाने सोडवावे लागते. या कामाच्या फवाऱ्यात बहुधा थायोग्लायकोलेट हे संयुग असते. केस कुरळे करण्याच्या द्रावणातही तेच वापरतात, म्हणून दोन्हींचा उग्र गंधकी वास सारखाच येतो. लोखंडाशी त्याची क्रिया होताच जांभळा रंग उमटतो आणि रिमवरून ओघळू लागतो. तीन ते पाच मिनिटांत, थर वाळण्याआधी, ते धुऊन टाकायचे. हातमोजे घालावेत आणि काम मोकळ्या हवेत करावे.

चाक कशाचे आणि त्यावर लेप कोणता, हे जाणून घेतल्याशिवाय बाटली उघडू नये. ९११ एस या गाडीवर १९६६ साली आलेले फुक्स कंपनीचे पाच पाकळ्यांचे चाक हे याचे उत्तम उदाहरण. ते घडाई केलेल्या ॲल्युमिनियमचे असून त्याच्या पृष्ठभागावर ॲनोडायझिंगचा (विजेच्या क्रियेने तयार केलेल्या संरक्षक ऑक्साइडचा) अतिशय पातळ थर असतो. ओव्हन साफ करण्याच्या कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाने तो थर विरघळतो. जुनी चाके नव्याने पॉलिश करणारे कारागीर मुद्दाम तेच वापरतात. म्हणून तीव्र अल्कलीयुक्त क्लीनर निष्काळजीपणे मारला, तर मूळ थर कायमचा जातो. हायड्रोफ्लुओरिक आम्ल असलेले क्लीनर तर कातडीलाही घातक आहेत आणि घरच्या कामात त्यांना जागा असू नये.

काम सुरू करण्यापूर्वी चाके आणि डिस्क पूर्ण थंड होऊ द्याव्यात. एका वेळी एकच चाक घ्यावे. आधी टायर : ओझोनपासून रबर वाचवण्यासाठी त्यात मिसळलेले पदार्थ पृष्ठभागावर येऊन तपकिरी झाक आणतात, ती कडक ब्रशने काढावी. मग रिमचा दर्शनी भाग मऊ ब्रशने, तिची आतली गोल बाजू लांब दांड्याच्या लोकरी ब्रशने आणि नटांचे खड्डे छोट्या ब्रशने घासावेत. चाकांची बादली आणि कापड गाडीच्या अंगाला कधीही लावू नये. त्यातले लोखंडी कण रंगावर बारीक जाळीसारखे ओरखडे पाडतात.

मडगार्डची पोकळी दिसत नाही म्हणून बहुतेक जण सोडून देतात, पण गाडीचे आयुष्य ठरते ते तिथेच. जुन्या ९११ मध्ये हेडलाइटच्या मागे आणि पुढच्या पत्र्याच्या टोकाशी चिखल साचून राहतो. जर्मनीत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. ते या ओल्या चिखलात महिनोन्‌महिने काम करत राहते. १९६९ ते १९७३ च्या मॉडेलमध्ये पुढच्या दोन्ही कोपऱ्यांत एकेक बॅटरी होती आणि त्यांचे कप्पे गंजून सडलेले आजही आढळतात. १९७६ च्या मॉडेलपासून पोर्शेने जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा वापरला, त्यानंतर गंज फार कमी झाला. तरी लायनरमागे (पोकळीच्या आतल्या अस्तरामागे) अडकलेला पालापाचोळा आणि बुजलेली निचऱ्याची छिद्रे नव्या गाडीतही तपासावीच लागतात.

पोकळी नीट धुवायची तर चाक काढलेले बरे. गाडी केवळ जॅकवर न ठेवता स्टँडवर टेकवावी. प्रेशर वॉशरची धार वरून खाली मारावी, पण ॲक्सलच्या रबरी आवरणावर (बूट), बेअरिंगच्या सीलवर किंवा एबीएसच्या (ब्रेक दाबताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) वायरींवर जवळून मारू नये. कापडासारख्या लायनरमध्ये वाळू खोल बसते, त्याला दोनतीनदा भरपूर पाणी द्यावे. वाळल्यावर पत्र्यावर मेणाचा लेप चालतो. डिस्क आणि पॅडवर कोणताही लेप किंवा टायरला चमक आणणारे द्रव्य उडता कामा नये.

मुळात भुकटीच कमी व्हावी, अशीही वाट शोधली गेली. २००१ च्या ९११ जीटी२ वर सिरॅमिक ब्रेक मिळाले. पुढे २०१७ साली कायेन गाडीबरोबर पोर्शेने टंगस्टन कार्बाइडचा थर दिलेली बिडाची डिस्क आणली आणि तिचे कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) पांढरे ठेवले. भुकटी ९० टक्क्यांपर्यंत कमी उडते असे कंपनी सांगते. युरोपीय संघाच्या २०२४ च्या युरो ७ या वाहन-प्रदूषण नियमांत ब्रेकमधून उडणाऱ्या कणांवर प्रथमच मर्यादा घातली गेली. तसेच जर्मनीत अनेक गावांत रस्त्यावर गाडी धुण्यास मनाई आहे. तेल वेगळे करणारी टाकी असलेल्या धुलाई केंद्रातच हे काम करतात.

चाक परत बसवताना नट हाताने फिरवून लावावेत आणि टॉर्क पान्याने (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) गाडीच्या पुस्तिकेतल्या मापाइतके आवळावेत. जुन्या ९११ मध्ये हे नट ॲल्युमिनियमचे असतात, त्यांना इम्पॅक्ट गन (झटके देत नट आवळणारे यंत्र) लावू नये. नंतर गाडी हळू चालवत दोनतीनदा ब्रेक दाबावा. ओल्या डिस्कवर तासाभरात आलेला नारिंगी गंज तेवढ्याने निघून जातो.