परवडणारा छोटा डिजिटल कॅमेरा : कोकणातल्या निवडीमागची पार्श्वभूमी

शिमग्याला किंवा गणपतीला गावी येणाऱ्या चाकरमान्यांच्या मुलांच्या हातात गेल्या दोन-तीन वर्षांत छोटे डिजिटल कॅमेरे पुन्हा दिसू लागले आहेत. त्यांतले बरेचसे कॅमेरे त्या मुलांपेक्षा वयाने मोठे असतात. कोणाला ते आईवडिलांच्या कपाटात सापडलेले असतात, तर कोणी मुंबईच्या बोरा बाजारातून जुने म्हणून विकत आणलेले असतात. त्यामुळे ‘सात-आठ हजारांत कोणता घ्यावा’ हा मधल्या काळात ऐकू येईनासा झालेला प्रश्न पुन्हा विचारला जाऊ लागला आहे. पंधरा वर्षांपूर्वी या प्रश्नाचा अर्थ दुकानाच्या काचेआड मांडलेल्या वीस-पंचवीस नव्या कॅमेऱ्यांतून एक उचलणे असा होता. आज नवे मोजकेच मिळतात आणि जुने पुष्कळ, त्यामुळे ही निवड बैल किंवा जुनी होडी पारखण्याच्या जवळ गेली आहे. कॅमेरा कोणत्या साली निघाला हे ज्याला कळते, त्याला त्यात कोणते कार्ड बसेल, बॅटरी मिळेल की नाही आणि त्याचे दुखणे कोणते असेल, हेही बहुधा कळते.

डिजिटल कॅमेरा येण्याआधी कोकणातल्या मध्यमवर्गीय घरातला स्वस्त कॅमेरा म्हणजे आधी आग्फाचा क्लिक थ्री आणि पुढे नव्वदच्या दशकात कोडॅकचा केबी टेन. क्लिक थ्रीमध्ये १२० क्रमांकाच्या रोलवर १२ चौकोनी फोटो निघत. पस्तीस मिलिमीटरच्या रोलवर ३६ निघत, आणि रोल भरणारा हात सराईत असला तर एखाददुसरा जास्त. कॅमेरा त्या मानाने स्वस्तच होता. महाग पडे तो रोल, तो धुणे आणि त्याच्या प्रती. गणपतीत घातलेला रोल संपायला दिवाळी उजाडे, मग तो कोणाबरोबर तरी रत्नागिरीला, चिपळूणला किंवा कणकवलीला स्टुडिओत जाई, आणि तोवर दमट हवेत पडून राहिलेल्या फिल्मचे रंग उतरलेले असत. कॅमेऱ्याची किंमत आणि कॅमेऱ्याचा खर्च या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथल्या घरांना तेव्हाच कळले होते. डिजिटल कॅमेरा आला तेव्हा मात्र काही वर्षे त्याचा विसर पडला.

डिजिटल छायाचित्रणाचा पाया १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडी या प्रकाश टिपणाऱ्या चिपच्या रूपाने घातला आणि त्यासाठी त्यांना २००९ मध्ये भौतिकशास्त्राच्या नोबेल पुरस्काराचा वाटा मिळाला. सीसीडीवर पडणाऱ्या प्रकाशातून विद्युतभार तयार होतो आणि तो ओळीओळीने बाहेर काढून मोजला जातो. कोडॅकमधील स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ मध्ये असा सेन्सर वापरून बनवलेला कॅमेरा सुमारे ३.६ किलो वजनाचा होता; १०० बाय १००, म्हणजे अवघ्या १० हजार बिंदूंचे कृष्णधवल चित्र कॅसेटच्या फितीवर उतरवायला त्याला २३ सेकंद लागत. रंगांची सोय त्याच कंपनीतील ब्राइस बायर यांनी शोधलेल्या जाळीने झाली, जिच्यात दर चार बिंदूंपैकी दोन हिरवे, एक तांबडा आणि एक निळा असतो. १९७६ साली पेटंट मिळालेली ही मांडणी आजही बहुतेक सर्व कॅमेऱ्यांत आणि फोनमध्ये आहे. पण सामान्य ग्राहकाने ‘डिजिटल कॅमेरा’ म्हणून ओळखावी अशी वस्तू आली ती १९९५ मध्ये, कॅसिओच्या क्यूव्ही-१० या कॅमेऱ्याने. त्याची चित्रे ३२० बाय २४० बिंदूंची, म्हणजे आजच्या मानाने अगदी पुसट होती आणि जपानमध्ये त्याची किंमत ६५ हजार येन होती. तरी त्याच्या पाठीवर १.८ इंचांचा पडदा होता आणि काढलेला फोटो तिथल्या तिथे दिसत असे. छोट्या कॅमेऱ्याची आज जी ओळख आहे, ती त्या पडद्यापासून सुरू होते.

कोकणात हे कॅमेरे दुकानांतून येण्याआधी सामानाच्या बॅगांतून आले. राजापूर, दापोली, श्रीवर्धन या भागांतून आखाती देशांत नोकरीला गेलेली मंडळी सुट्टीवर येताना ते घेऊन येत, आणि त्यांच्याबरोबर येणारे चार्जर, केबल आणि वेगवेगळ्या आकारांची कार्डे घराघरांत साठत गेली. कार्डांचा हा गोंधळ जुना कॅमेरा घेणाऱ्याला आजही भोवतो. कॉम्पॅक्टफ्लॅश १९९४ चे, सोनीची मेमरी स्टिक १९९८ ची, एसडी कार्ड १९९९ चे आणि ऑलिम्पस व फुजीफिल्म यांचे एक्सडी कार्ड २००२ चे. एक्सडी केव्हाच बंद पडले, त्यामुळे त्या जातीचा कॅमेरा कार्डासकट मिळत नसेल तर घेण्यात अर्थ नाही. एसडीमध्येही फसगत होते, कारण जुनी एसडी पद्धत २ जीबीपर्यंतचीच होती आणि ४ ते ३२ जीबीची एसडीएचसी पद्धत २००६ मध्ये आली. त्याआधीच्या कॅमेऱ्यात आजचे ३२ जीबीचे कार्ड घातले, तर पडद्यावर कार्ड चुकीचे असल्याचा संदेश येतो आणि घेणाऱ्याला वाटते की कॅमेराच बिघडला.

किमती खाली येण्यामागे तंत्राइतकाच कराचाही हात होता. जागतिक व्यापार संघटनेच्या १९९६ च्या माहिती तंत्रज्ञान करारात डिजिटल कॅमेऱ्यांचा समावेश होता आणि भारताने त्या करारातील वस्तूंवरील आयात शुल्क २००५ पर्यंत शून्यावर आणले. त्यानंतरच्या चार-पाच वर्षांत नावाजलेल्या कंपनीचा साधा कॅमेरा पाच ते आठ हजार रुपयांत बिलासकट मिळू लागला.

याच काळात दुकानाच्या काउंटरवर एकच प्रश्न रूढ झाला, तो म्हणजे ‘किती मेगापिक्सेल?’ विकणाऱ्याला तो सोयीचा होता, कारण आकडा खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला असे आणि पाचापेक्षा सात जास्त हे कोणालाही समजत असे. वास्तविक घरच्या अल्बमात लावायच्या चार बाय सहा इंचांच्या प्रतीला, इंचाला ३०० बिंदू धरले तरी, साधारण २२ लाख बिंदू म्हणजे दोन मेगापिक्सेलच्या थोडे वर पुरतात. खरा फरक पडतो तो सेन्सरच्या आकाराने, आणि तो खोक्यावर असलाच तर मागच्या बाजूला बारीक अक्षरांत ‘१/२.३ इंच’ अशा कोड्यात लिहिलेला असे. हे इंच सेन्सरचे नाहीतच. जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांतील काचेच्या नळ्यांच्या मापावरून ती पद्धत आली आहे. १/२.३ इंचाचा सेन्सर प्रत्यक्षात सुमारे ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा, करंगळीच्या नखाहून लहान असतो, तर ‘एक इंच’ म्हणवला जाणारा सेन्सर १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा, म्हणजे क्षेत्रफळाने चौपट असतो. तेवढ्याशा नखावर सात मिलियनच्या जागी चौदा मिलियन बिंदू कोंबले की प्रत्येक बिंदूच्या वाट्याला प्रकाश कमी येतो.

हे गणित उन्हात, गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर, कधीच लक्षात येत नाही. ते लक्षात येते शिमग्यात, रात्री साडेअकराला, देवळासमोरच्या एका ट्यूबलाइटच्या उजेडात पालखी नाचत असताना. छोट्या कॅमेऱ्याच्या फ्लॅशचा उजेड तीन-चार मीटरांपलीकडे फारसा पोहोचत नाही; त्यामुळे पुढच्या माणसाच्या पाठीवरचा शर्ट पांढराफटक येतो आणि पालखी काळोखात जाते. फ्लॅश बंद केला तर चित्र हलते, आणि आयएसओ, म्हणजे प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता, वाढवला तर रव्यासारखे दाणे उमटतात. दशावताराच्या फोटोंत हवेत तरंगणारी पांढरी वर्तुळे दिसतात, ती भुताटकी नसून भिंगाला खेटून बसवलेल्या फ्लॅशने उजळलेली धूळ किंवा दवाचे थेंब असतात, हे मला एकदा एका वाडीत बराच वेळ समजावून सांगावे लागले होते आणि ते सर्वांना पटले असे म्हणवत नाही.

कंपन्यांनाही हा पेच दिसत होता. फुजीफिल्मने २००६ मध्ये काढलेला एफ ३० अवघ्या ६.३ मेगापिक्सेलचा होता, पण कमी उजेडात तो त्या काळच्या जास्त आकडा मिरवणाऱ्या कॅमेऱ्यांपेक्षा स्वच्छ चित्र देई आणि म्हणून जाणकार त्याला आजही शोधतात. कॅननने २००८ मधल्या जी १० ला १४.७ मेगापिक्सेल दिले होते, ते पुढच्याच वर्षी जी ११ मध्ये १० वर आणले. आकडा कमी करून कॅमेरा चांगला करता येतो, याची ती जवळजवळ जाहीर कबुली होती. २००९ मध्येच सोनीच्या छोट्या कॅमेऱ्यांत मागून प्रकाश घेणारे सीमॉस या दुसऱ्या जातीचे सेन्सर आले, ज्यांत तारांचे जाळे प्रकाशाच्या वाटेतून बाजूला गेले, आणि त्यानंतर साध्या कॅमेऱ्यांतून सीसीडी हळूहळू हद्दपार झाली. आज ‘सीसीडीचे रंग’ म्हणून जुन्या कॅमेऱ्यांना जी मागणी आहे, तिच्यात सेन्सरचा वाटा मला थोडाच वाटतो. त्या काळचे रंगसंस्कार आणि थेट तोंडावर पडणारा फ्लॅश यांचा वाटा मोठा आहे.

बॅटरीची गोष्ट कोकणासाठी अधिक महत्त्वाची होती. त्या दशकात खेड्यांतले भारनियमन तासन्‌तास चाले, आणि अशा वेळी दोन पेन्सिल सेलवर चालणारा कॅमेरा, मग तो कॅननच्या ए मालिकेतला असो की निकॉनच्या एल मालिकेतला, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातूनही चालू ठेवता येत असे. अर्थात रिमोटमध्ये घालतो ते साधे सेल त्यात मोजून काही फोटो टिकत, कारण भिंग पुढे सरकवायला आणि फ्लॅश भरायला एकदम लागणारी वीज त्यांना देता येत नाही. रिचार्जचे निकेल मेटल हायड्राइड सेल चांगले चालत, पण घरात पडून आपोआप उतरत. २००५ च्या अखेरीस सान्योचे एनेलूप सेल आले तेव्हा ती अडचण बरीचशी दूर झाली. खास आकाराच्या लिथियम बॅटरीवरचे कॅमेरे सडपातळ आणि देखणे असत, पण त्यांची मूळ बॅटरी आता फुगलेली निघते आणि बदली बॅटरी कुठल्या दर्जाची मिळेल याचा भरवसा नसतो.

हवेचा प्रश्न याहून मोठा आहे. २००५ च्या ऑक्टोबरमध्ये जपानमधील अनेक नामांकित कंपन्यांनी २००२ ते २००४ दरम्यानच्या आपल्या ठरावीक कॅमेऱ्यांबाबत एकापाठोपाठ सूचना काढल्या. त्यांतील सीसीडीची आतली जोडणी उष्ण आणि दमट हवेत सुटू शकत होती. मग पडदा काळा पडे किंवा चित्र जांभळे होऊन त्यावर रेघा उमटत. कंपन्यांनी दुरुस्ती फुकट करून दिली, पण ‘उष्ण आणि दमट’ हे ज्याचे बारमाही वर्णन आहे अशा किनाऱ्यावर ती सूचना किती घरांत पोहोचली असेल, याची कल्पना करता येते. त्या तीन वर्षांतला कॅमेरा आज कोणी स्वस्तात देऊ केला, तर आधी तो सुरू करून अर्धा तास हातात धरून पाहावा.

दुसरे दुखणे बुरशीचे. पावसाळ्यात चामड्याच्या पिशवीत ठेवलेल्या कॅमेऱ्याच्या भिंगावर आतून कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू वाढतात. टॉर्चचा झोत भिंगावर तिरपा टाकला की ते दिसतात. कॅमेरा तांदळाच्या डब्यात पुरण्याचा उपाय घरोघरी सांगितला जातो, पण तांदळाची भुकटी भिंगाच्या नळीत जाते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या बऱ्या. तिसरे दुखणे वाळूचे. गुहागरच्या किनाऱ्यावर माझा स्वतःचा कॅमेरा जेमतेम हातभर उंचीवरून ओल्या वाळूत पडला, मी तो फुंकून सुरू केला, भिंगाच्या नळीने दळण दळल्यासारखा आवाज केला, ती अर्ध्यावर अडकली आणि पडद्यावर ‘लेन्स एरर’ उमटले. दुरुस्ती केंद्राने सांगितलेली रक्कम नव्या कॅमेऱ्याच्या किमतीच्या आसपास होती. बाहेर सरकणारे भिंग हाच छोट्या कॅमेऱ्याचा मोठेपणा आहे, कारण त्यातून खरा ऑप्टिकल झूम मिळतो, आणि तीच त्याची किनाऱ्यावरची कमजोर बाजू आहे.

यावर उत्तर म्हणून ऑलिम्पसने २००६ मध्ये म्यू ७२० एसडब्ल्यू आणला, ज्याचे भिंग बाहेर येतच नसे, जो पाण्याखाली ३ मीटरपर्यंत आणि दीड मीटरवरून पडला तरी टिकेल असे कंपनी सांगत होती. तारकर्ली आणि मालवणला पाण्याखालचे पर्यटन वाढले तेव्हा या जातीचे कॅमेरे तिथे शोभून दिसत. जुना घेताना मात्र हे विसरू नये की पाणी अडवते ते रबराचे कडे, आणि पंधरा वर्षांचे रबर समुद्रात तपासून पाहण्याची वस्तू नव्हे.

बाजार कोसळला तो याच्या थोड्याच नंतर. जपानी उत्पादकांच्या संघटनेच्या आकड्यांनुसार २०१० मध्ये जगभर १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे रवाना झाले आणि त्यांतले बहुसंख्य छोटे, न बदलता येणाऱ्या भिंगाचे होते. २०२३ मध्ये असे छोटे कॅमेरे १७ लाखांच्या आसपास उरले. कोडॅकने जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली, कॅसिओने २०१८ मध्ये छोटे कॅमेरे बंद केले. भारतात १ जुलै २०१७ पासून कॅमेऱ्यावर २८ टक्के जीएसटी लागला होता; तो १ जानेवारी २०१९ पासून १८ टक्के झाला, पण तोवर ग्राहक फोनकडे गेला होता. आज नव्यांत परवडणारे म्हणून जे उरले आहेत, त्यांत कोडॅकचे नाव परवान्याने वापरणाऱ्या दुसऱ्या कंपनीचे पिक्सप्रो कॅमेरे ठळक आहेत. त्यांतला एफझेड ५५ लिथियम बॅटरीचा आणि एफझेड ४५ पुन्हा दोन पेन्सिल सेलांचा. दोन्हींचा सेन्सर तोच, नखाएवढा.

जुन्यांचे भाव मागणीबरोबर चढले आहेत. मालवणात अलीकडे पाहिलेल्या एका कॅमेऱ्याच्या खोक्यात २००९ ची मूळ पावती घडी घालून ठेवलेली होती, ५,९९० रुपयांची. मालक साडेसहा हजार मागत होता, आणि चार्जर त्यात नव्हता.