वायफाय का तुटतं हे लॅपटॉप सांगतोय, वाचतंय कोण

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला आणि तेव्हापासून सोलापुरात एक तक्रार जरा जास्तच ऐकू यायला लागलीय. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप पाहिजे, त्यातल्या त्यात नवा प्रोसेसर पाहिजे, आणि पुण्याच्या कंपन्यांनी काढून टाकलेले जे सेकंडहँड लॅपटॉप इकडं इंजिनिअरिंगची पोरं घेतात त्यात ते बसत नाही, मग उबंटू नाहीतर मिंट, म्हणजे फुकटातलं लिनक्स, टाकायचं आणि मोकळं व्हायचं. मशीन पळायला लागतं, पोरगं खूश, आणि आठवडाभरात सुरू, "वायफाय सारखं जायलालंय बे, लिनक्सच बेकार आहे."

लिनक्स बेकार आहे का नाही यावर नंतर भांडू, पण "वायफाय जायलालंय" हा एक आजारच नाहीये. ताप आला म्हटल्यावर तो मलेरियाचा का टायफॉइडचा हे न बघता गोळी घेतो का आपण? इथे मात्र नेटवर शोधून पहिली सापडेल ती कमांड टर्मिनलमध्ये पेस्ट करतात, मग दुसरी, मग तिसरी, आणि शेवटी काय बदललं तेच आठवत नाही.

सगळ्यात आधी वायफायच तुटतंय का ते बघा. टर्मिनल उघडून राउटरला पिंग लावा, म्हणजे सारखी हाक मारून उत्तर किती वेळात येतंय ते बघा (पत्ता बहुतेक १९२.१६८.१.१ नाहीतर १९२.१६८.०.१ असतोय), दुसऱ्या खिडकीत बाहेरच्या, गुगलच्या ८.८.८.८ला पिंग लावा आणि दोन्ही चालू ठेवून आपलं काम करा. नेट गेलं तेव्हा राउटरचं पिंग मजेत चालू आणि बाहेरचं बंद, तर लॅपटॉपला शिव्या घालून उपयोग नाही, फायबरवाल्याला फोन लावा. दोन्ही पिंग चालू आणि फक्त साइट उघडेनात, तर डीएनएसची, म्हणजे साइटच्या नावावरून पत्ता शोधणाऱ्या सेवेची भानगड. राउटरचंच पिंग अडखळत असेल तरच पुढचं वाचण्यात अर्थ आहे.

आता मुद्द्याचं. कनेक्शन तुटलं की लिनक्सचा कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, गप्प बसत नाही, कारण लिहून ठेवतो. डीमेसेज (dmesg) ही कमांड पुढे सुडो (sudo, म्हणजे अ‍ॅडमिनच्या हक्काने) लावून चालवा किंवा जर्नलसीटीएलमध्ये (journalctl) बघा (टाइप अर्थात इंग्रजी छोट्या अक्षरात करायचं), आणि वायफाय कार्डाच्या नावाच्या (ते wl ने सुरू होतं) ओळी शोधा, त्यात "डीऑथेंटिकेटेड" किंवा "डीऑथेंटिकेटिंग" असा, म्हणजे जोडणी तोडल्याचा शब्द आणि पुढे "रीझन" म्हणून एक आकडा असतोय. हे आकडे वायफायच्या स्टँडर्डमध्येच ठरलेले आहेत, कुठल्या कंपनीने मनाने दिलेले नाहीत. रीझन ३ आणि सोबत "बाय लोकल चॉइस" असेल तर राउटरने हाकललेलं नाही, लॅपटॉपच स्वतः उठून गेलाय, म्हणजे चौकशी लॅपटॉपमध्येच करायची. रीझन ४ म्हणजे राउटर म्हणतोय, बराच वेळ तुझा आवाज नाही म्हणून मी तुला काढलं. रीझन १५ म्हणजे जोडताना पासवर्डची जी चार पायऱ्यांची देवाणघेवाण होते ती वेळेत पुरी झाली नाही, पासवर्ड चुकला असेल किंवा सिग्नल इतका मेलेला की उत्तरच पोचेना.

माझा आवडता आकडा १६. काही लोक सांगतात की नेट बरोबर तासाला एकदा जातंय आणि आपण म्हणतो काहीही काय, पण ते खरं असू शकतंय. घरातल्या सगळ्या यंत्रांसाठी राउटर एक सामाईक किल्ली ठेवतो आणि ती ठराविक वेळाने बदलतो, बऱ्याच राउटरमध्ये हा वेळ ३६०० सेकंद. नवी किल्ली आली आणि लॅपटॉपने पोच दिली नाही तर राउटर त्याला बाहेर काढतो, तेच रीझन १६. आता पोच का दिली नाही? तर बहुतेक वेळा त्या क्षणी लॅपटॉपचा रेडिओ झोपलेला असतो.

हे झोपणं नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण निम्मी रडारड इथली आहे असं माझं मत. वायफायचा रेडिओ सतत कान उघडे ठेवून बसला तर बॅटरी खातो, म्हणून स्टँडर्डमध्येच सोय आहे की लॅपटॉपने राउटरला कळवायचं, मी झोपतोय, माझं काही आलं तर ठेवून दे. राउटर साधारण दर १०२.४ मिलिसेकंदाला, म्हणजे सेकंदाला जवळजवळ दहा वेळा, बीकन नावाचा छोटा निरोप हवेत सोडतो आणि त्यात कुणाकुणाचा माल आपल्याकडे पडून आहे याची यादी असते. लॅपटॉपने बीकनच्या वेळेला जागं व्हायचं, यादीत आपलं नाव बघायचं, असेल तर माल मागून घ्यायचा, नसेल तर परत झोपायचं. कागदावर झकास. प्रत्यक्षात कार्डाचं फर्मवेअर, म्हणजे कार्डाच्या आतला प्रोग्राम, उशिरा जागं होतं, बीकन हुकतो, राउटर स्वस्तातला असला तर ठेवलेला माल टाकूनच देतो, आणि तुम्हाला काय दिसतं तर राउटरचं पिंग जे २-३ मिलिसेकंद पाहिजे ते मधेच १००-२०० होतंय आणि व्हिडिओ कॉलवर आवाज चिरका. काहीतरी मोठं डाउनलोड चालू असताना मात्र सगळं ठीक, कारण तेव्हा रेडिओला झोपायला सवडच नसते. डाउनलोड चालू असताना चांगलं आणि नुसतं वाचत बसलं की खराब, असा उलटा प्रकार दिसला तर समजायचं, झोपेचंच प्रकरण.

तपासणं सोपं आहे. आयडब्ल्यू (iw) नावाची कमांड आहे, तिने पॉवर सेव्ह तात्पुरतं बंद करता येतं, रीस्टार्ट केलं की जसं होतं तसं. फरक पडला तरच कायमचं करा. उबंटूमध्ये नेटवर्क मॅनेजरच्या कॉन्फ डॉट डी (conf.d) फोल्डरमध्ये याचीच एक फाइल असते आणि तिच्यात वायफाय डॉट पॉवरसेव्ह समोर ३ लिहिलेलं असतं. आता कुठल्याही शहाण्या माणसाला वाटेल ० म्हणजे बंद, पण नाही, इथे ० म्हणजे ठरलेलं डिफॉल्ट, १ म्हणजे आहे तसं राहू दे, २ म्हणजे बंद आणि ३ म्हणजे चालू. हे कुणी ठरवलं देव जाणे. ३चे २ करा, नेटवर्क मॅनेजर रीस्टार्ट करा. बॅटरी थोडी कमी चालेल, तेवढं सोसा.

सिग्नलचं दुखणं वेगळं, आणि तिथे वरच्या कोपऱ्यातल्या दांड्या बघून काही कळत नाही. आयडब्ल्यूला लिंक विचारली की तो डीबीएममध्ये आकडा देतो, उणे ५०, उणे ७० असा. शून्य डीबीएम म्हणजे १ मिलिवॅट, आणि प्रत्येक उणे १०ला ताकद दहावा हिस्सा होत जाते. म्हणजे उणे ५० हा मिलिवॅटचा एक लाखावा भाग आणि उणे ८० हा दहा कोटीवा. ५० आणि ८० यात दिसायला तीसचा फरक, खरा फरक हजार पट. उणे ६५ पर्यंत काम निवांत चालतं, उणे ७५च्या खाली गेलं की ओढाताण. राउटरशेजारी बसूनही उणे ७५ दाखवत असेल तर सॉफ्टवेअरमध्ये काही शोधू नका, लॅपटॉप उघडा. सेकंडहँड मशीन कुणी ना कुणी आधी उघडलेलंच असतं, पंखा साफ करायला नाहीतर रॅम टाकायला, आणि वायफाय कार्डावरच्या त्या काळ्या-पांढऱ्या बारीक अँटेनाच्या वायरी परत दाबून बसवायच्या राहून जातात. काही एचपी लॅपटॉपमध्ये तर रिअलटेकच्या आरटीएल८७२३बीई कार्डाला एकच अँटेना आणि ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्राम, ऐकतो दुसऱ्याच टोकावर, त्यासाठी ड्रायव्हरला अँट_सेल (ant_sel) म्हणून एक ऑप्शन द्यावा लागतो, १ नाहीतर २, जे चालेल ते.

पण सिग्नल चांगला असूनही तुटत असेल तर? पूर्व भागात पॉवरलूमच्या शेडमध्ये कधी गेला असाल तर माहीत असेल, समोरचा तेवढ्याच आवाजात बोलतो जेवढ्या बाहेर बोलतो, पण खटखटाटात काय ऐकू येत नाही, कानाला तोंड लावून ओरडावं लागतं. दांड्या फक्त बोलणाऱ्याचा आवाज मोजतात, मागचा खटखटाट मोजत नाहीत. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह ओव्हन (तो २.४५वर चालतो) सगळे एकत्र. चॅनल म्हणायला १ ते १३, पण ते ५-५ मेगाहर्ट्झवर मांडलेत आणि एकेकाला लागतात २०, म्हणून एकमेकाच्या अंगावर न जाणारे तीनच, १, ६ आणि ११. साखर पेठेसारख्या भागात भिंतीला भिंत लागून घरं, घराघरात फायबर, त्यात कुणीतरी राउटर ४० मेगाहर्ट्झवर ठेवलेला, तो एकटाच अर्धा पट्टा खाऊन बसतो. एनएमसीएलआय (nmcli) या कमांडने वायफायची यादी मागितली की कोण कुठल्या चॅनलवर आहे ते दिसतं, त्यातल्या त्यात रिकामं बघून आपला राउटर तिथं न्या आणि रुंदी २० ठेवा.

अजून एक चोर घरातच असतोय, यूएसबी ३ची हार्डडिस्क. सेकंदाला ५ गिगाबिट वेगाने वायरीतून डेटा जातो तेव्हा जो विद्युत गोंगाट होतो तो नेमका २.४च्या आसपास पसरतो, इंटेलनेच २०१२ साली यावर पेपर काढलाय. बॅकअप लावला की नेट आणि वायरलेस माउस दोन्ही अडखळतात ते यामुळे. डिस्क लांब वायरीवर ठेवा नाहीतर वायफाय ५ गिगाहर्ट्झवर न्या.

उन्हाळ्याबद्दल सगळे विचारतात. एप्रिल-मेमध्ये इथं पारा ४३-४४ला टेकतो आणि वायफाय तुटलं की ऊन दोषी. इंटेलच्या कार्डांत तापमान फार वाढलं तर रेडिओ बंद करायची सोय आहे खरी, लॉगमध्ये "सीटी किल" असं येतं, पण ती मर्यादा शंभर अंशाच्या वर आहे. लॉगमध्ये ते शब्द नसतील तर उन्हाला सोडा.

ड्रायव्हर आणि फर्मवेअर शेवटी बघायचं असं माझं म्हणणं, लोक उलटं करतात. एलएसपीसीआय (lspci) ही कमांड चालवून कार्ड कुठलं आणि त्याला ड्रायव्हर कुठला लागलाय ते बघा. इंटेलचं असेल तर बहुतेक निवांत, फक्त फर्मवेअरचं पॅकेज आणि कर्नल अपडेट ठेवा. रिअलटेकचं असेल तर कर्नल नवा घ्या, कारण आरटीडब्ल्यू८८ हा ड्रायव्हर कर्नलमध्ये २०१९ला आला आणि आरटीडब्ल्यू८९ २०२२ला, त्याच्या आधीचा कर्नल घेऊन बसलात तर गिटहब या कोड ठेवायच्या साइटवरून कुणाचा तरी ड्रायव्हर उतरवून घरी बांधावा लागतो आणि पुढच्या कर्नल अपडेटला तो मोडण्याची भीती. डेबियन हे अजून एक लिनक्स, त्याच्या लोकांना २०२३च्या डेबियन १२पासून बरे दिवस आले, तोवर अधिकृत इन्स्टॉलरमध्ये नॉन-फ्री, म्हणजे कोड खुला नसलेलं, फर्मवेअरच नसायचं आणि वायफायसाठी फर्मवेअर पेनड्राइव्हवर आणावं लागायचं. आणि तो जुना सल्ला, इंटेलच्या ड्रायव्हरला ११एन_डिसेबल, म्हणजे वायफायचा वेगवान ११एन प्रकार बंद करायचा ऑप्शन लावा, तो अजून फिरतोय, कृपा करून लावू नका. त्याने तुटणं थांबलं तरी वेग जास्तीत जास्त ५४ मेगाबिटवर येतो, तोही कागदावरचा.

विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवलेल्यांनी विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करावं, शटडाउन म्हटलं तरी विंडोज पुरतं बंद होत नाही आणि लिनक्सला कार्ड अर्धवट अवस्थेत मिळतं. कधी कधी तर कार्ड दिसतच नाही आणि आपण तासभर ड्रायव्हर शोधत बसतो.

राहिलं ५ गिगाहर्ट्झ. भारताने २०१८ला या बँडमधला मोठा पट्टा विनापरवाना मोकळा केला, गर्दी कमी, वेग जास्त, पण भिंतीपुढं दम तोडतो, आणि आपल्याकडच्या जुन्या घरांच्या दगडी भिंती म्हणजे विचारूच नका. यात अजून एक गंमत आहे. २०१८ आणि २०१९च्या पावसाळ्यात पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने सोलापूर भागात ढगात बीज पेरायचे प्रयोग केले तेव्हा इथं सी-बँडचं रडार बसवलं होतं, पेपरात फोटो आले होते. असली हवामानाची रडारं साधारण ५.६ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतात, आणि वायफायची १२०, १२४, १२८ ही चॅनलं नेमकी तिथंच येतात. ढगातल्या थेंबांवरून परत येणारा सिग्नल फार क्षीण असतो, त्यात घराघरातल्या राउटरचा गोंगाट नको, म्हणून नियम असा की ५२ पासून १४४ पर्यंतच्या चॅनलवर राउटरने आधी निदान ६० सेकंद कान देऊन ऐकायचं, आणि चालू असताना रडारची चाहूल लागली की १० सेकंदात ते चॅनल सोडायचं, पुढची ३० मिनिटं तिकडं फिरकायचं नाही. घरगुती राउटरला खरं रडार कुठलं आणि नुसती खरखर कुठली हे प्रत्येक वेळी कळतंच असं नाही, खोटी चाहूल लागूनही तो चॅनल सोडतो. लॅपटॉपच्या बाजूने एवढंच दिसतं की वायफाय अचानक गेलं आणि मिनिटभराने आलं, आणि फोनवरही त्याच वेळी गेलं. फोनवरही गेलं, ही खूण लक्षात ठेवा, कारण मग लिनक्सचा काही संबंध उरत नाही. राउटरच्या सेटिंगमध्ये ऑटो काढून ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ यातलं चॅनल लावायचं, तिथं रडारचा नियम लागत नाही. तेवढं केलं की आयडब्ल्यूला रेग (reg, म्हणजे कुठल्या देशाचे नियम) विचारून लॅपटॉपचा देश भारत लागलाय का तेही बघून घ्या, तिथं ०० आलं असेल तर लॅपटॉप सगळ्या जगाचे नियम एकदम पाळत बसतो आणि काही चॅनलवर स्वतःहून तोंडच उघडत नाही.