धबधब्याचा पत्ता बदलतो

दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड शहरापासून साधारण दहा किलोमीटरवर मोरिअल्टा नावाचं राखीव रान आहे. निलगिरीची झाडं, त्यांवर झोपलेले कोआला, खोल घळ आणि एकाच ओढ्यावर एकापुढे एक तीन धबधबे. ‘कोट्यवधी वर्षं जुना धबधबा’ असं तिथल्या एका रीलवर वाचलं आणि राहवलं नाही. जुना आहे तो खडक! धबधबा आज जिथे दिसतो तिथे तो मुळात नव्हताच.

खडक आहे क्वार्टझाइट, म्हणजे दाबाखाली एकजीव झालेली प्राचीन वाळू. वय ७० कोटी वर्षांहून अधिक. आपल्या सह्याद्रीचा बेसाल्ट जेमतेम साडेसहा कोटींचा, त्यापुढे पोरच.

वर कठीण थर, खाली मऊ थर, की झाला धबधबा, असं आपण शाळेत शिकतो. पण मुळात उंचसखलपणा आला कुठून? ॲडलेडच्या पूर्वेला जमीन भ्रंशरेषांवर, म्हणजे खडक तुटून सरकतो त्या भेगांवर, तुटली, माउंट लॉफ्टी डोंगररांग वर सरकली आणि मैदान खाली राहिलं. डोंगरातून उतरणाऱ्या ओढ्यांच्या वाटेत पायरी पडली. ओढ्याची खोदण्याची ताकद ठरते पाण्याचा प्रवाह गुणिले उतार या हिशोबाने. पायरीवर उतार एकदम तीव्र, त्यामुळे सगळा जोर तिथेच लागतो. कड्यातल्या भेगा रुंदावतात, ठोकळे निखळतात आणि पायरी उगमाच्या दिशेने मागे सरकते. तिच्या वरच्या अंगाचा ओढा मात्र जुन्याच मंद उतारावर वाहत असतो, खाली काय घडलं याची त्याला खबरच नसते! म्हणून वर पसरट दरी आणि खाली अरुंद घळ. सरकण्याचा वेग पाणलोट क्षेत्राच्या साधारण वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. पायरी जितकी वर जाईल तितकं तिच्या वाट्याचं पाणलोट क्षेत्र लहान आणि चाल मंद. त्यात क्वार्टझाइटचा जाड थर आडवा आला, की ती तिथेच अडून उभी राहते.

मोरिअल्टाचा ओढा, फोर्थ क्रीक, तसा किरकोळच. ॲडलेडचा वार्षिक पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या नगरसारखाच, आणि तोही मुख्यतः तिथल्या हिवाळ्यात, जून ते ऑगस्टमध्ये. डिसेंबरच्या सुट्टीत नातेवाइकांकडे जाऊन धबधबा बघू म्हणाल, तर बहुधा ओला कडाच बघाल.

वाटेत जायंट्स केव्ह, म्हणजे राक्षसाची गुहा, लागते. आपल्याकडे असती तर एव्हाना पांडवांनी एका रात्रीत कोरली असती. खडकातल्या भेगा आणि भरपूर वेळ एवढ्यावर गुहा होते, हे मात्र कुणाला पुरेसं वाटत नाही.

आणि डोंगररांगेचं हे वर उचललं जाणं थांबलेलं नाही. १ मार्च १९५४ च्या पहाटे ॲडलेड भूकंपाने हादरलं, घरांच्या भिंती तडकल्या. त्याचं मूळ या डोंगररांगेच्या पायथ्याच्या ईडन-बर्नसाइड भ्रंशाशी जोडलं जातं. पुढची पायरी सुरू होईल ती तिथूनच.