घोडबंदर रोडची लाल रेघ उपग्रह काढत नाही

‘वरून उपग्रह गाड्या बघतो, म्हणून फोनमधल्या नकाशावर ठाण्याचा घोडबंदर रोड कोंडी झाली की लाल दिसतो’ हा फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतोय. समज स्वाभाविक आहे, कारण जीपीएस उपग्रहांवरच चालतं. पण ते उपग्रह रस्त्याचे फोटो काढत नाहीत. वेळेचे संकेत पाठवतात आणि त्यावरून फोन स्वतःची जागा मोजतो. लोकेशन चालू असलेले फोन ती जागा नकाशाच्या अ‍ॅपला कळवतात. या रोडवर माजिवड्याला बरेच फोन एकदम रेंगाळले, की रेघ लाल. ताडून पाहायचं तर जुलैत, आभाळ गच्च भरलेलं असताना बघा: रंग तरीही बदलत राहतात. नावं गाळून एकत्र केलेली अशी माहिती सिग्नलच्या वेळा, बसमार्ग ठरवायला खरोखर उपयोगी पडते. पण ती आपल्याच खिशातून जाते, हे प्रत्येकाला माहीत हवं. फोनच्या सेटिंगमध्ये लोकेशनची परवानगी कोणकोणत्या अ‍ॅपला आहे, ते दिसतं. नको असेल तिथे बंदही करता येते.