आपली काळी जमीन नेमकी कोणती? – मातीची ओळख-तपासणी करून घेणाऱ्या शेतकऱ्यांसाठी माहितीपत्रक

अहवाल हातात पडला की बहुतेक जण आधी सामू बघतात, मग नत्र-स्फुरद-पालाश, आणि कागदाची घडी खिशात जाते. खताचा डोस ठरवायला तेवढं पुरतंही. पण "पाऊस उघडून पाच दिवस झाले तरी वाफसा का येत नाही?", "शेजाऱ्याचा हरभरा ओलाव्यावर निघतो, माझा का वाळतो?" या प्रश्नांची उत्तरं त्या कागदावर नसतात. त्यासाठी आम्ही वेगळी तपासणी करतो. तिला आम्ही 'ओळख-तपासणी' म्हणतो. तीत काय होतं आणि त्यातले आकडे कसे वाचायचे, ते इथे सांगतो.

दोन शेतं, एकच कागद

एक शेत दर्यापूरकडचं, खारपाणपट्ट्यातलं (पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारट पाण्याचा भाग) धरा. दुसरं काटोलकडचं, संत्र्याच्या भागातलं. दोन्ही काळी, दोन्ही भारी. वरच्या सहा इंचांतली माती तपासली तर दोन्हीकडे सामू सव्वाआठच्या आसपास, क्षारता कमी आणि सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या घरात, असं सहज होऊ शकतं. मृदा आरोग्य पत्रिकेत दोघांच्या रकान्यांत फारसा फरक दिसणार नाही. त्या पत्रिकेत बारा गोष्टी मोजतात: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब आणि नऊ अन्नद्रव्यं. खोली, चिकणमातीचं प्रमाण, चुनखडी आणि मातीला चिकटलेला सोडियम त्यात नाही. शिवाय २०१५ साली ही योजना सुरू झाली तेव्हा बागायतीत अडीच हेक्टरला आणि कोरडवाहूत दहा हेक्टरला एक नमुना असा हिशेब ठेवला होता. म्हणजे पत्रिकेवर नाव तुमचं असलं तरी माती शेजाऱ्याच्या बांधाआतली असू शकते. योजनेला नावं ठेवायची नाहीत. एवढ्या मोठ्या देशात कुठून तरी सुरुवात करावीच लागते.

या दोन शेतांतला खरा फरक फूटभर खाली सुरू होतो, आणि तो बघायला खड्डाच खणावा लागतो.

आधी एक गैरसमज

काळी म्हणजे कसदार, हे आपण लहानपणापासून ऐकतो. काळ्या रंगामुळे जमिनीत सेंद्रिय कर्ब भरपूर असेल असं वाटतं. प्रत्यक्षात आपल्या भागातल्या गडद काळ्या जमिनींतही कर्ब बहुधा ०.६ टक्क्याच्या खालीच निघतो. थोडासाच कुजलेला अंश असतो, पण तो अतिबारीक चिकणमातीच्या कणांना घट्ट चिकटून बसतो आणि सगळ्या मातीला रंग देतो. त्यामुळे रंग बघून शेणखत टाळू नका.

हा चिकणमातीचा कण स्मेक्टाइट जातीचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थर पसरले, त्या काळ्या पाषाणाच्या झिजेतून तो तयार झाला. पाणी प्याला की फुगतो, वाळला की आकसतो. उन्हाळ्यातल्या भेगा, पावसाळ्यातला चिखल आणि भिंतीला जाणारे तडे ही सगळी त्याचीच करणी. पाषाण तोच असूनही कोकणात काळी जमीन का नाही? तिथे अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. उतारावरून आणि मातीतून सतत पाणी वाहून चुना-मॅग्नेशियम धुऊन जातं, मागे लोह-ॲल्युमिनियम उरतं आणि जांभा होतो. पठारावर पाऊस कमी आणि खोलगटात पाणी थांबतं, म्हणून चुना राहतो आणि स्मेक्टाइट टिकतं. मातीसोबत आम्ही पाऊस आणि उतार का बघतो, ते यावरून लक्षात येईल.

खड्डा

खड्डा दीड मीटर खोल, किंवा मुरूम लागेपर्यंत. एप्रिल-मे उत्तम, कारण तेव्हा भेगा उघड्या असतात. आमचा माणूस आधी सायकलच्या चाकाची तार भेगेत सोडून तिची खोली मोजतो. लोक हसतात, पण याहून सोपं साधन अजून सापडलं नाही. खऱ्या भारी काळ्या जमिनीत भेग अर्ध्या मीटरच्याही खाली जाते. उन्हाळ्यात वरची भुसभुशीत माती त्यात पडते, पावसाळ्यात खालची माती फुगली की तिला जागा अपुरी पडते आणि ती तिरपी वर सरकते. घासून घासून आत तुळतुळीत, तिरप्या चकाकणाऱ्या बाजू तयार होतात. दोन-तीन फुटांवरचं मोठं ढेकूळ फोडलं की त्या हाताला लागतात. त्या सापडल्या की जमीन 'उलथणारी' आहे हे नक्की.

पुढे चुनखडी. मातीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की फेस येतो. किती खोलीवर येतो आणि किती जोरात, ते आम्ही लिहून घेतो. खडे गोल, कडक, काळपट असतील तर बहुधा जुने. पांढरी भुकटी किंवा मऊ धागे दिसले तर चुनखडी आजही साचते आहे. खारपाणपट्ट्यात सगळं दुखणं इथेच दडलेलं असतं. पाऊस कमी, ऊन जास्त, मग मातीतल्या पाण्यातला कॅल्शियम चुनखडी होऊन बसतो. तो बाजूला झाला की सोडियमला मोकळं रान मिळतं. सोडियम चिकणमातीचे कण सुटे करतो, ते बारीक छिद्रांत अडकतात, पाणी खाली उतरत नाही, आणि न उतरल्यामुळे सोडियमही धुऊन जात नाही. पुढच्या वर्षी तेच पुन्हा, थोडं जास्त. सोडियम वरच्यापेक्षा खालच्या थरात जास्त असतो, म्हणून सहा इंचांच्या नमुन्यात तो पकडला जात नाही.

प्रयोगशाळेत काय होतं

नमुने सावलीत वाळवून, लाकडी हातोडीने फोडून दोन मिलिमीटरच्या चाळणीतून काढतो. सामू-क्षारता नेहमीसारखी. चिकणमाती हायड्रोमीटरने मोजतो. पन्नास-साठ टक्के निघाली तर दचकू नका. फुगवट्यासाठी तीच माती एका नळीत पाण्यात आणि दुसऱ्या नळीत केरोसीनमध्ये चोवीस तास ठेवतो. केरोसीनमध्ये ती फुगत नाही, त्यामुळे दोन्ही पातळ्यांतला फरक म्हणजे फुगवटा. शेतात घर किंवा शेततळं बांधणार असाल तर हा आकडा बांधणाऱ्यालाही दाखवा.

सगळ्यात महत्त्वाचा आकडा विनिमययोग्य सोडियमच्या, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेल्या सोडियमच्या, टक्केवारीचा. १५ टक्क्यांच्या पुढे जमीन चोपण (सोडियमने बिघडलेली), अशी मर्यादा अमेरिकेच्या क्षारता प्रयोगशाळेने १९५४ साली घालून दिली आणि आजही ती पुस्तकांत तशीच आहे. आपल्या फुगणाऱ्या जमिनीला ती फार सैल पडते. इथे ५-६ टक्क्यांपासूनच पाणी मुरण्याचा वेग घसरायला लागतो. म्हणून आमच्या अहवालात ७ टक्क्यांसमोर लाल खूण दिसली तर छपाईची चूक समजू नका.

स्फुरदाची तपासणी आम्ही ओल्सेन पद्धतीने करतो. चुनखडीच्या जमिनीला तीच योग्य. दुसरीकडून तपासून आणलेला अहवाल असेल तर पद्धत कोणती, ते विचारून घ्या. वेगळ्या पद्धतींचे आकडे शेजारी ठेवून तुलना करण्यात अर्थ नाही.

पाऊस आणि ऊन

अकोल्याकडे वर्षाचा सरासरी पाऊस ८०० मिलिमीटरच्या आसपास, आणि हवेची पाणी ओढून घेण्याची भूक त्याच्या दुपटीच्या घरात. ही तूट जमिनीने साठवलेल्या पाण्यावर भागते. इथे खोली कामाला येते. भारी काळ्या मातीत पिकाला घेता येईल असं पाणी मीटरभर खोलीत १६० मिलिमीटर धरू. हरभऱ्याला दिवसाला ३ मिलिमीटर लागतं असं धरलं तर मीटरभर खोल जमीन ५३ दिवस तग धरते. मुरूम २५ सेंटिमीटरवरच लागला तर साठा ४० मिलिमीटर, म्हणजे जेमतेम १३ दिवस. दोन्हींचा रंग काळाच! चोपण जमिनीत मात्र हा हिशेब कागदावरच राहतो, कारण पाणी खाली उतरतच नाही आणि तळ पुरता भरत नाही.

पावसाचे आकडे आम्ही तुमच्या महसूल मंडळाच्या स्वयंचलित केंद्राचे घेतो. तुमच्याकडे स्वतःच्या नोंदी असतील, अगदी कॅलेंडरवर पेन्सिलने लिहिलेल्या असल्या तरी, जरूर आणा. एका बांधावर धो-धो आणि दुसऱ्यावर कोरडं हे आपण दर वर्षी बघतो.

उतार

उंचावर बरड, उतारावर मध्यम, खोलगटात भारी. हे कुठल्याही गावातला म्हातारा सांगेल, आणि ते खरं आहे. उपग्रहाचे उंचीचे नकाशे आम्ही वापरतो, पण त्यांच्या मर्यादेसह. फुकट मिळणाऱ्या नकाशात एक चौकोन ३० मीटरचा, म्हणजे सुमारे नऊ गुंठ्यांचा. शिवार कसं वळतं, ओढा कुठून येतो, हे त्यात छान दिसतं. पूर्णेच्या काठच्या सपाट रानात मात्र शंभर फुटांत अर्धा फूट उतार असेल तर तो नकाशाला दिसत नाही. तिथे आम्ही पारदर्शक नळीत पाणी भरून पातळी काढतो, गवंडी काढतो तशी. चर कुठे काढायचा हे त्या अर्ध्या फुटावरच ठरतं.

अहवालातलं ते अवघड नाव

अहवालावर 'टिपिक हॅप्लस्टर्ट' किंवा 'सोडिक हॅप्लस्टर्ट' असं काहीतरी लिहिलेलं असेल. हे जगभर चालणाऱ्या वर्गीकरणातलं नाव. शेवटचं 'अर्ट' म्हणजे उलथणारी भारी जमीन. त्याआधीचं 'अस्ट' हवामान सांगतं: वर्षात मिळून ९० दिवस किंवा त्याहून जास्त भेगा उघड्या राहतात. 'हॅप्ल' म्हणजे साधी. नावाच्या सुरुवातीचं 'टिपिक' म्हणजे नेहमीची, आणि 'सोडिक' म्हणजे सोडियमने ग्रासलेली. वर सांगितलेल्या काटोलकडच्या शेताला बहुधा पहिलं नाव मिळेल, दर्यापूरकडच्याला दुसरं.

नमुना आणण्याआधी

घरी एक प्रयोग करून बघा. काचेच्या पेल्यात पावसाचं पाणी घ्या, नाहीतर बॅटरीत घालायला मिळतं ते शुद्ध (डिस्टिल्ड) पाणी. विहिरीचं किंवा बोअरचं घेऊ नका. त्यातल्या क्षारांमुळे निकाल फसवा येतो. दोन फूट खालचं वाळलेलं, सुपारीएवढं ढेकूळ अलगद सोडा आणि ढवळू नका. दोन-चार तासांनी ते नुसतं विरघळून तळाशी ढीग झालं तर ठीक. भोवती दुधाळ ढग पसरला आणि तो खाली बसत नसेल, तर सोडियमचा संशय धरा आणि आमच्याकडे या.

खड्डा तुम्हीच खणून ठेवला तरी चालेल. शेणाचा उकिरडा, बांध, झाडाची सावली आणि जुनी पायवाट टाळा. दर फुटाला अर्धा किलो माती, चार फुटांपर्यंत, वेगवेगळ्या स्वच्छ पिशव्यांत. खताची रिकामी पोती वापरू नका. पिशवीत खोलीची चिठ्ठी पेन्सिलने लिहून टाका, शाई ओलीने पुसते. बागायत असेल तर विहिरीचं किंवा बोअरचं लिटरभर पाणीही आणा. चोपण व्हायला कित्येकदा ते पाणीच कारण असतं, आणि तसं असेल तर सोडियम हटवायला जिप्सम कितीही टाका, गळक्या रांजणात पाणी ओतल्यासारखं होतं. जिप्सम आम्ही विकत नाही. किती लागेल आणि आधी चर काढावा लागेल का, एवढं लिहून देतो.

खड्डा बुजवताना खालची माती खाली आणि वरची वर, याच क्रमाने टाका. उलट झालं तर तेवढ्या तुकड्यात दोन-तीन हंगाम पीक पिवळं दिसेल.