सोडियम तेवढंच, मग क्लोराइड कुठे गेलं?

समुद्रावरच्या हवेतले कण फिल्टरवर गोळा केले आणि त्यात सोडियम सापडलं, की 'सागरी मीठ' असं लिहून मोकळं व्हायचा मोह होतो. पण या एका नावाखाली दोन वेगळे कण खपून जातात: लाटांतून नुकताच उडालेला ताजा कण आणि जमिनीवरून आलेल्या प्रदूषित हवेत मुरलेला कण.

ताज्याचं प्रकरण सरळ आहे. लाट फुटताना पाण्यात हवेचे बुडबुडे अडकतात, वर येऊन फुटतात आणि बारीक थेंब उडतात. त्यांची घडण जवळपास समुद्राच्या पाण्याचीच. एक किलो समुद्रपाण्यात साधारण १०.८ ग्रॅम सोडियम आणि १९.४ ग्रॅम क्लोराइड असतं, म्हणजे वजनाने क्लोराइड सोडियमच्या १.८ पट. थेंब वाळला की इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मिठाचा चौकोनी स्फटिक स्पष्ट दिसतो.

मुरलेल्या कणात सोडियम जागच्या जागी असतं. क्लोराइड घटलेलं असतं. वाहनं आणि वीजकेंद्रांच्या धुरातली नायट्रोजनची ऑक्साइडं हवेत नायट्रिक आम्ल बनवतात. ते कणात शिरलं की नायट्रेट आत राहतं आणि क्लोराइड हायड्रोजन क्लोराइड वायू होऊन निसटतं. सल्फ्युरिक आम्लही हेच करतं. मग १.८ हा आकडा घसरत जातो, आणि चौकोनी स्फटिकाचीही रया जाते.

रात्रीचा मार्ग मला याहून रंजक वाटतो. अंधारात डायनायट्रोजन पेंटॉक्साइड (त्याच नायट्रोजनच्या ऑक्साइडांपासून बनणारा वायू) साठतं, ते मिठाच्या कणाशी भिडलं की नायट्रिल क्लोराइड नावाचा वायू सुटतो. सकाळी ऊन पडताच त्याचे तुकडे होतात आणि मोकळा झालेला क्लोरीनचा अणू हवेतल्या हायड्रोकार्बनांवर तुटून पडतो. त्यातून जमिनीलगतचा, प्रदूषक ठरणारा ओझोन वाढायला हातभार लागतो. २००६ साली टेक्सासच्या किनाऱ्याजवळ जहाजावरून केलेल्या मोजणीत हा वायू खरोखरच हवेत सापडला. थोडक्यात, मीठ फक्त प्रदूषण सोसत नाही, त्यात भरही घालतं.

तरीही क्लोराइड कमी दिसलं म्हणून लगेच शहरांकडे बोट दाखवू नये. सागरी सूक्ष्मजीवांमुळे सुटणाऱ्या गंधकी वायूपासूनही सल्फ्युरिक आम्ल बनतं. ज्वालामुखीचा धूरही तसाच. या आम्लातून कणात आलेलं सल्फेट काढायचं, तर एकूण सल्फेटमधून आधी सोडियमच्या पाव पट वजन वजा करतात. तेवढं समुद्राच्या पाण्यातूनच आलेलं असतं. उरलेलं बाहेरचं. सोबत नायट्रेटही भरपूर असेल, तर मात्र जमिनीवरच्या धुराचा संशय बळावतो.

या अदलाबदलीचा एक परिणाम सहसा सुटून जातो. मिठाचे कण जाडसर असतात, त्यामुळे त्यांच्यात अडकलेलं नायट्रेट बारीक कणांतल्यापेक्षा लवकर खाली पडतं आणि नायट्रोजन खत बनून समुद्रात उतरतं.